गरम पाण्याचा ओढा

आमच्या मुलखात वाकळा धुवायच्या त्या घट बसायच्या आधी. पाऊस उघडतो, नदीचं गढूळ पाणी निवळायला लागतं आणि बायका घरातल्या साऱ्या वाकळा, चादरी, सतरंज्या डोक्यावर घेऊन पाण्यावर जातात. कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गावात विचारलंत तरी हेच सांगतील. फक्त माझ्या माहेरी विचारू नका. आमच्या गावात वाकळा पौषात धुतात, भोगीच्या तोंडावर, अंगावर काटा येईल अशा थंडीत. आणि ते सांगताना गावातली माणसं अशी काही छाती फुगवतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या ओढ्यावर कुणा देवाची कृपाच झालेली आहे.

देवाचा काही संबंध नाही. गावाच्या वरच्या अंगाला साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आसपास त्याचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. उसाचा रस आटवताना जी वाफ निघते ती थंड करायला भरपूर पाणी लागतं. वाफ थंड होते, पाणी तापतं. हे तापलेलं पाणी निववून मगच ओढ्यात सोडायचं असा नियम आहे, आणि त्यासाठी कारखान्यानं एक मोठं तळं बांधून त्यात फवारे बसवलेले आहेत. पाणी हवेत उडतं, तळ्यात पडतं, गार होतं. इतकं साधं काम. पण फवाऱ्याच्या पंपांना वीज लागते, आणि कारखान्याची वीज आता बाहेर विकता येते. म्हणून फवारे बंद, आणि पाणी भट्टीवरून उतरवल्यासारखं सरळ ओढ्यात.

मी गावच्या शाळेत होते तेव्हा ते नुसतं कोमट असायचं. मग कारखान्याचं विस्तारीकरण झालं, धुराडं उंच झालं, आणि ओढ्यावर सकाळी वाफा दिसायला लागल्या. पाणी सोडतात तिथं हात घालवत नाही. जरा खाली, बायका धुतात तिथं, मात्र अगदी न्हाणीघरातल्यासारखं. पोरांना आंघोळी तिथंच. बाळंतिणीचे कपडे तिथंच. शेजारच्या गावांतून लोक मोटारसायकलीवर वाकळांची गाठोडी घेऊन येतात, आणि आमच्या बायका त्यांना दगड देताना उपकार केल्यासारखं तोंड करतात. स्थळ बघायला पाहुणे आले तर मुलाची शेती, नोकरी सांगून झाल्यावर कुणीतरी हमखास म्हणणार, “आणि पावणं, आमच्यात पोरीला थंडीचं गार पाण्यात हात घालावा लागत न्हाय.”

फवारे वर्षातून एखाद-दोन वेळा चालू होत. ते चालू झाले की गावाला कळायचं, साहेब येणार. प्रदूषण तपासणारे साहेब. आदल्या दिवशीच तळ्यावर पाणी उडायला लागे, उन्हात इंद्रधनुष्य दिसे, आया पोरांना कडेवर घेऊन बघायला जात. साहेब येऊन गेला की संध्याकाळी फवारे बंद. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाहुणे येणार म्हणून आपण घर झाडतोच की.

माझा मामा, म्हणजे माझ्या आईच्या पाठचा भाऊ, त्याच गावात राहतो. आईला गावातल्या गावात दिलेली, त्यामुळे आजोळ आणि घर यांत एका गल्लीचं अंतर. मामाची शेती नावापुरती. त्याचं सगळं आयुष्य ओढ्याच्या खालच्या डोहावर गेलं. ओढा पंचगंगेला मिळायच्या आधी एका वळणावर खोल होतो, तो डोह. वरून करंजाची सावली, खाली काळंभोर गार पाणी. मामा तिथं जाळं टाकायचा. मरळ, वाम, शिंगाळा, जे मिळेल ते घेऊन तो आठवड्याच्या बाजाराला जायचा, आणि त्याची वाट बघणारी गिऱ्हाइकं ठरलेली होती. डोहाच्या कडेला, दगडांच्या सांदीत, बोटभर लांबीचे मुऱ्या मासे असत. ते तो धरायचा नाही. लहानपणी मला दगड उचलून दाखवायचा आणि पुन्हा दगड होता तसा ठेवायचा.

मी कोल्हापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. एका रविवारी सकाळी मामा दारात उभा. काखेत चहाचा थर्मास. मला वाटलं, म्हैस व्याली असेल, खरवस आणला असेल. मी पातेलं घेऊन आले. त्यानं टोपण काढलं आणि म्हणाला, “बोट घाल.”

मी बोट घातलं आणि झटकन मागं घेतलं.

“भल्या सकाळी भरलंय ओढ्यातनं. एष्टीनं आलो. आजून बघ कसं हाय.”

थर्मासमधलं पाणी गरमच राहणार, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्याला सांगणार होते. सांगितलं नाही. पाण्याची बाटली घेऊन भाचीकडं कोण येतं? पण मामाला ते गरम पाणी गरमच माझ्यापर्यंत पोचवायचं होतं, आणि त्याच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. माझे यजमान पेपरमागून बघत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला.

“मासं वर तोंड काढाय लागल्यात,” मामा म्हणाला. “सकाळच्यापारी बघितलं तर सगळा डोह तोंडं वासून बसलेला. मरत बी न्हाईत, जगत बी न्हाईत. जाळ्यात घावतंय ते निस्तं चिलापी.”

चिलापी हा बाहेरून आलेला मासा, तो गटारातसुद्धा जगतो. बाकीच्यांना तसं जमत नाही. मी आठवीच्या मुलांना शिकवते तेच मामाला सांगितलं. उन्हात राहिलेली सोड्याची बाटली फोडली की सगळा वायू फसकन उडून जातो. पाण्यात मिसळलेली हवासुद्धा तशीच, पाणी तापलं की निघून जाते, आणि मासे गुदमरतात. मामानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्याला कारण नको होतं, त्याला डोह पाहिजे होता.

“कारखाना बंद करा म्हणत न्हाय मी,” तो म्हणाला. “पाणी सोडू नगा असं बी म्हणत न्हाय. गार करून सोडा, एवढंच. तळं हाय, फवारं हाईत. तू शिकल्याली हाईस, तू सांग त्यास्नी.”

मी त्याच दिवशी मोबाइलवरून प्रदूषण मंडळाकडं तक्रार केली, आणि आठवड्याभरानं त्यांच्या कार्यालयातही जाऊन आले. तिथल्या गृहस्थांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. मग विचारलं, “पाण्याला रंग येतोय का?”

“नाही.”

“फेस? वास?”

“तसा काही नाही.”

“मग तक्रार नेमकी कशाची आहे, मॅडम?”

“पाणी गरम आहे.”

ते अगदी आपलेपणानं हसले. “थंडीचे दिवस आहेत, मॅडम. लोक गरम पाणी नाही म्हणून तक्रार करतात.”

मी तिथंच तडकले. ओढ्यात सोडलेलं पाणी मूळच्या पाण्यापेक्षा पाच अंशांहून जास्त तापलेलं असू नये, हा नियम त्यांच्याच भिंतीवरच्या तक्त्यात छापलेला होता. मी उठून त्यावर बोट ठेवलं. गृहस्थ गंभीर झाले, पाहणी लावतो म्हणाले. त्या तक्त्याला माझं बोट लागलं म्हणून मला केवढं समाधान वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

पाहणीच्या आदल्या दिवशी मामाचा फोन आला. “फवारं चालू झालं बघ.” त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, तो थकलेला होता.

मी रजा काढून गेले. साहेब तरुण होते, बूट स्वच्छ होते, बरोबर कारखान्याची दोन माणसं होती. त्यांनी पाणी ओढ्यात पडतं तिथं तापमापक बुडवला. मग चार पावलं खाली येऊन ओढ्यात बुडवला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवले.

“साहेब,” मी म्हटलं, “ओढ्याचं पाणी म्हणजे वरचं. कारखान्याच्या वर जाऊन मोजा. इथं तर ते मिसळूनच आलंय.”

साहेबांनी वर बघितलं. कारखान्याच्या पाठीमागून ओढ्याच्या दोन्ही काठांना पुरुषभर उंच ऊस उभा होता. आत शिरायचं म्हणजे पाचटातून, अंगाला खाज आणि पानांचे कापे घेत जायचं.

“तिकडे वाट नाही, मॅडम.”

“हाय की,” मामा म्हणाला. “मी दावतो. या माझ्या मागनं.”

कारखान्याच्या माणसांपैकी एकानं घड्याळ बघितलं. जेवण तयार असल्याचं त्यानं साहेबांना अदबीनं सांगितलं. साहेबांनी पुन्हा एकदा उसाकडं आणि मग स्वतःच्या बुटांकडं बघितलं. ते वर गेले नाहीत.

एवढं होईपर्यंत बायका धुणं घेऊन आल्या. फवारे कालपासून चालू, त्यामुळे पाणी गार पडलेलं. एकीनं पाय घातला आणि ओरडली. दुसरीनं कुणाला तरी शिव्या घातल्या. मग त्यांना साहेब दिसले, मी दिसले, आणि मामा दिसला. कोण कशासाठी आलंय हे त्यांना बरोबर कळलं. गाव लहान आहे, थर्मासची गोष्ट तोपर्यंत सगळ्यांना माहीत झाली होती.

त्या बायकांत माझी आई होती.

आईची बोटं वाकडी झालेली आहेत. संधिवात. सकाळी उठली की मूठ उघडत नाही, कप धरायला दोन हात लागतात. तिला मी कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांकडं दाखवलं, गोळ्या झाल्या, मलमं झाली. पण तिची बोटं उघडतात ती ओढ्यात. सकाळी जाऊन ती पाण्यात हात सोडून बसते, हळूहळू एकेक बोट सरळ होतं, मग ती धुणं धुते. हे मला माहीत होतं. मामालाही माहीत होतं.

साहेबांनी बायकांना विचारलं, “काय त्रास आहे का पाण्याचा?”

 मग आई पुढं आली. धुण्याचं गाठोडं तिनं तसंच काखेत धरलेलं होतं.

“काय बी त्रास न्हाय,” ती म्हणाली. “रोजचं पाणी ब्येस हाय. हे आज गार केलंय त्येचा त्रास हाय.”

“आक्का,” मामा म्हणाला, “अगं मासं...”

“मासं मासं काय करतोयस? माझा हात बघितलास का?” तिनं साहेबांच्या समोर ती बोटं धरली. “मला पाणी गरमच पायजे. लिवून घ्या.”

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. ग्रामस्थांची तक्रार नाही, असं ते कारखान्याच्या माणसाला म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले. मामा तिथंच उभा राहिला. मला आईचा इतका संताप आला होता की मी घरी न जाता सरळ एस.टी. धरली. वाटेत पंचगंगेचा पूल लागला. पुलावरून कुणी नारळ टाकत होतं, हात जोडत होतं. हेच पाणी पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं आणि लोक त्यात बुड्या मारतात. पाण्यावर आमच्या लोकांची भक्ती भारी. त्या पाण्याला ताप आलाय का, हे मात्र कुणी हात लावून बघणार नाही.

पण आईवर पुरतं चिडताही येत नाही, हीच माझी खरी चीड. तिची बोटं खोटी नव्हती. कारखान्यानं कुणाला काही दिलं नव्हतं, कुणाला दमही भरला नव्हता. नुसतं आपलं टाकाऊ पाणी टाकलं, आणि ते टाकाऊ पाणी आमच्या बायकांच्या उपयोगी पडलं. आता त्या पाण्यासाठी बहीण भावाच्या आड उभी होती, आणि कारखान्याला तोंड उघडायचीही गरज नव्हती.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला मामा आला. मी होते तिथं. आईनं पाट मांडला, ओवाळलं. दोघं एकमेकांकडं न बघता. मामानं ताटात ओवाळणी म्हणून एक पुडकं ठेवलं. साडीचं नव्हतं. आईनं उघडलं तर आत पाणी तापवायची विजेची कॉइल. बादलीत सोडायची, ती.

“घरात तापव,” मामा म्हणाला. “बादलीत हात सोडून बस. मी सांगतो, लई आराम पडंल.”

आईनं कॉइल उलटसुलट करून बघितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी बघितलं. पण ती म्हणाली, “आणि बिल? ओढ्यात फुकट हाय की.”

ती कॉइल अजून आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. तिची वेष्टनाची पिशवीसुद्धा आईनं काढलेली नाही.

त्याच हंगामात कारखान्यानं ओढ्यावर धुण्याचा घाट बांधून दिला. सिमेंटच्या पायऱ्या, धुण्यासाठी उतरते कट्टे, वर पत्र्याची सावली. उद्घाटनाला मंडप, चेअरमन, हलगी, सगळं. बायकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं आणि आई त्यांत मधोमध. फोटोत तिनं हात पदराखाली घेतलेले आहेत. भाषणात कुणीतरी म्हणालं की कारखाना आणि गाव यांचं नातं या पाण्यासारखंच उबदार आहे. टाळ्या पडल्या. मला हे मामानं सांगितलं. तो मंडपाच्या मागं उभा होता.

डोह त्यानंतर गेला. एका दिवसात गेला असता तर निदान कुणी बघायला आलं असतं. पावसाळ्यात नदीतून मासे वर चढायचे, हंगाम सुरू झाला की हळूहळू तोंडं वासायची, कमी व्हायचे. मग चढायचेही थांबले. दगडांच्या सांदीतले मुऱ्या तर आधीच नाहीसे झाले होते. चिलापीला बाजारात भाव नाही, आणि मामाची ठरलेली गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडं गेली. त्यानं जाळं माळ्यावर टाकलं. करंज अजून आहे. खालच्या पाण्यावर हिरवट साय धरते.

मग मामाला कारखान्यात काम मिळालं. हंगामी. त्यानं मागितलं नव्हतं. घाटाच्या कार्यक्रमात आईनंच कुणाच्या तरी कानावर घातलं होतं, भाऊ रिकामा बसतोय म्हणून. तिला वाटलं, आपण त्याचं भलं केलं. कदाचित केलंही असेल. खाकी शर्ट, शिट्टी, आणि काम काय तर तळ्याजवळच्या पंपाच्या खोलीत बसायचं. “पाणी बघायला हाय मी,” एवढंच तो सांगायचा.

मधल्या काळात ऑनलाइन मीटर आले. पाणी सोडतात तिथं एक नळीसारखा दांडा बुडवून ठेवायचा, तो सतत तापमान मोजतो आणि आकडे थेट कार्यालयात दिसतात. कारखान्याच्या गेटवर लाल आकड्यांची पाटीसुद्धा लागली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मला फार आनंद झाला. आता फवारे साहेब यायच्या दिवशी चालवून भागणार नव्हतं. मी मामाला फोन करून सगळं समजावून सांगितलं, आता कसं त्यांना लपवता येणार नाही ते. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “व्हय.” एवढंच.

परवाच्या भोगीला मी माहेरी गेले. आई सकाळीच घाटावर होती, मी वाकळा घेऊन मागं गेले. घाट बायकांनी भरलेला. आई पायरीवर बसून दोन्ही हात पाण्यात सोडून होती, डोळे मिटलेले. पाण्यावरून वाफा येत होत्या. मी पाण्यात हात घातला. चांगलंच गरम होतं, आणि थंडीत फार बरं वाटलं, हे कबूल करावं लागेल. मग मला गेटवरची पाटी आठवली. येतानाच मी वाचली होती. त्या आकड्याचं पाणी हाताला गार लागायला हवं होतं.

घरी येऊन आईनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी फडक्यात बांधली. “मामाला दिऊन ये. सणाचं तिकडंच बसलाय.” दोघांचं बोलणं आता सुरळीत आहे. सुरळीत म्हणजे पाण्याचा विषय सोडून.

पंपाच्या खोलीत मामा खुर्चीवर बसलेला होता. पंप बंद होते, बाहेर तळ्यातले फवारे कोरडे. कोपऱ्यात तिवईवर एक मोठा माठ होता, वरून ओलं पोतं गुंडाळलेलं. मला तहान लागली होती. मी तांब्या उचलला आणि माठाकडं गेले.

“त्येच्यातलं नगं,” मामा घाईनं म्हणाला. “प्यायचं हिकडं हाय.”

तेवढ्यात मला वायर दिसली. भिंतीवरच्या मीटरच्या पेटीतून निघालेली काळी वायर, खिडकीतून बाहेर ओढ्याकडं जायला हवी होती ती, माठात उतरली होती.

मी मामाकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही.

“मीटर आला तवापास्नं त्येचा दांडा हितंच हाय,” तो म्हणाला. “पाणी कोमट झालं की बदलायचं. पोतं भिजवायचं. हेच काम माझं.”

 अंगाची आग आग झाली. मी पर्समधून मोबाइल काढला. एक फोटो पुरला असता.  मामानं खाकी शर्टाचा खिसा नीट केला, उगाचच. फोटो कार्यालयात पोचला असता तर कारखान्यानं दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी कामावरून काढून प्रकरण मिटवलं असतं, आणि ते कुणाला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याचा डोह गेला होता. आता ही खुर्ची होती, आणि तीसुद्धा हंगामापुरती. मी मोबाइल परत ठेवला. इतकं कडू तोंड मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

“हिकडं ये,” मामा म्हणाला. “दावतो तुला.”

त्यानं माठावरचं झाकण काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत अंधार होता. जरा वेळानं डोळे सरावले. पाण्यात मीटरचा दांडा उभा होता, आणि त्याच्याभोवती, माठाच्या तळाशी, काहीतरी हललं. बोटभर लांब. अंगावर काळसर पट्टे.

“मुऱ्या?”

“व्हय. वरनं आणलाय. कारखान्याच्या वरनं, उसातनं जाऊन.”

साहेबांना जिथं वाट दिसली नव्हती तिथून. मामाला आता चालताना दम लागतो, आणि पाचटातून तेवढं अंतर तो कळशी घेऊन गेला होता.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. तो मासा दांड्याला तोंड लावायचा, मागं सरायचा, पुन्हा लावायचा. बाहेर गेटवर लाल आकडा दिसत होता, कोल्हापुरात कुणाच्या तरी टेबलावर तोच आकडा दिसत असेल, आणि तो या एवढ्याशा माशाच्या पाण्याचा होता. खाली घाटावर वाकळा आपटल्याचा आवाज येत होता.

“कशाला आणलास रे ह्याला इथं?”

“लई वंगाळ वाटायचं गं,” मामा म्हणाला. “पाटी म्हणती, ह्या पाण्यात मासा जगतोय. मग एक तरी जगू दे की.”

त्यानं कळशीतलं गार पाणी हळूच माठात ओतलं, झाकण लावलं आणि हात पुसून भाकरी खायला बसला.